सिस्टरांचा दवाखाना, खानापूर भाग : काम एक नंबर, पण बदल्यांचं काहीतरी करा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला जंगल सुरू व्हायच्या तोंडाला एक मिशनचा दवाखाना आहे, हिकडची माणसं नुसतं "सिस्टरांचा दवाखाना" म्हणतात. बोर्डावर लांबलचक नाव आहे, कन्नडात वर मोठं आणि मराठीत खाली बारकं (बोर्डावरून आमच्या भागात काय काय होतंय ते सांगायला नको), पण ते नाव घेऊन विचारलात तर वडापवाल्याला पण कळणार नाही. सिस्टर म्हटलं की गाडी दारात. मी पण नाव टाकत नाही कारण तिथल्या सिस्टरनीच नको म्हटलंय, गर्दी वाढली की लांबून चालत येणाऱ्यांचा नंबर मागं जातो म्हणाल्या. तरी लिहितेय कारण वाड्यांवरच्या लोकांची पोरं आता बेळगाव गोव्यात कामाला असतात, मोबाईल त्यांच्याकडं असतो आणि घरी म्हाताऱ्यांना कुठं न्यायचं हे फोनवर तेच ठरवतात, त्यांच्यासाठी हे.

पाच पैकी चार स्टार. एक का कापला ते पुढं येईलच.

आमची आत्या एकटी राहते तिकडं, साखर आहे, अनवाणी फिरायची सवय, पायाला काटा लागला तो तिनं कुणाला सांगितला नाही आणि जखम चिघळली. आधी आम्ही तिला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आणली, तिथं ॲडमिट करा, डिपॉझिट भरा आणि बोट काढावं लागेल असं एका दमात सांगितलं, आत्यानं ऐकलं आणि सरळ उठून बाहेर येऊन बसली, मेले तर पाच बोटांनी मरीन म्हणाली. मग गावातल्याच एका बाईनं सिस्टरांकडं न्या म्हणून सांगितलं. तिथल्या नर्स सिस्टरनी पाय हातात घेऊन बघितला, वास येत होता तरी नाक मुरडलं नाही, आणि आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितली की पाय काळा पडायला लागला किंवा ताप चढला तर मी ठेवून घेणार नाही, त्याच दिवशी बेळगावला न्यायचं, कबूल असेल तर ड्रेसिंग सुरू करते. मला हे लई आवडलं. आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे आधी सांगणारा दवाखाना मी पहिल्यांदा बघितला. एक दिवसाआड ड्रेसिंग, साखरेची गोळी वेळेवर, आणि रबरी चप्पल घातल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही असा दम. जखम भरायला पावसाळा संपला पण भरली, बोट आहे जागेवर. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणत नाही, मेलेलं बोट ड्रेसिंगनं परत येत नाही, हे पण त्याच सिस्टरनी मला सांगितलंय.

पैशाचं सांगते. केस पेपर तीस रुपये, ड्रेसिंग पन्नास, गोळ्या बहुतेक जेनेरिक, ज्यांच्याकडं नाहीत त्यांचं वहीत लिहून ठेवतात आणि पुढं कुणी मागत नाही. पण फुकट काही नाही हं, दहा रुपये तरी घेतातच. मी विचारलं एवढ्या गरीब माणसाकडनं दहा रुपये कशाला घेता, तर म्हणाल्या फुकटातली गोळी माणूस घरी जाऊन खात नाही, कोनाड्यात ठेवतो. आत्याच्या कोनाड्यात सरकारी लाल गोळ्यांच्या पट्ट्या बघितल्यात मी, त्यामुळं गप्प बसले.

डॉक्टर रोज नसतात हे नीट वाचा. आठवड्यातनं दोन दिवस बाहेरून डॉक्टर येतात, बाकीचे दिवस नर्स सिस्टर आणि एक गावातली शिकवून तयार केलेली पोरगी. सोनोग्राफी, एक्सरे असलं काही नाही. रक्त तपासणी थोडीफार होते, बाकीचं खानापूरला पाठवतात. छातीत दुखतंय, अर्धांग गेलंय असल्या पेशंटला घेऊन तिथं वेळ घालवू नका, सरळ बेळगाव गाठा. साप चावला तर मात्र वाटेत असेल तर थांबा. सिस्टर मांत्रिकाकडं जाऊ देत नाहीत, ब्लेड मारू देत नाहीत, चावलेला हातपाय हलू नये म्हणून फळी बांधतात आणि स्वतःची जीप काढून सरकारी दवाखान्यात पोचवतात, तिथं लस असते. ती लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चार जातींवर चालते, म्हणून साप मारून पिशवीतनं आणायची काही गरज नाही, हे पण गावोगाव सांगत फिरतात.

आता तिथं येतं कोण ते बघा. भीमगडचं अभयारण्य 2011 ला झालं, त्याच्या आत आणि कडेला ज्या वाड्या आहेत तिथनं पावसाळ्यात वाट अशी नसतेच, नाल्यावर लाकडाचं साकव टाकलेलं असतं, आजारी माणूस खाटेवर किंवा डोलीत घालून चार जणांनी उचलून आणायचा. गवळी धनगरांचे वाडे आहेत, त्यांची गुरं, थोडी नाचणी, संपलं. बाकी सगळी मजुरी. काजूच्या सीझनला माणसं गोव्यात सत्तरी तालुक्यात, हिकडं दोडामार्गाकडं जातात आणि तिथनं परत येताना ताप घेऊन येतात, मागं 2016 च्या सुमाराला माकडतापाचे पेशंट ह्याच काजू मजुरांत निघाले होते. शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात 1957 ला सापडलेला रोग, गोचिडातनं येतो, आणि आमच्या माणसाला वाटतं बाधा झाली. त्यामुळं ताप म्हटलं की सिस्टर आधी विचारतात कुठल्या बागेत कामाला होतास, माकडं मेलेली बघितलीस का. शहरातल्या कुठल्या डॉक्टरनं हे कधी विचारलंय मला माहीत नाही. टीबीचे पेशंट पण बरेच. गोळ्या सरकारी, फुकट, पण सरकार आहाराला म्हणून जे पैसे देतं, आधी महिन्याला 500 होते ते 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झालेत, ते यायला बँक खातं पाहिजे, खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, आणि आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं असलं की झालं. एक सिस्टर निव्वळ ह्याच कामाला असते. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अडकलेत, विधवा पेन्शन बंद पडलंय, पोराचा जातीचा दाखला पाहिजे, सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत. मला विचाराल तर निम्मा दवाखाना त्या पेटीतच आहे.

सिस्टर चार जणी आहेत. मी गेले तेव्हा एक केरळची, एक मंगळूरकडची, एक झारखंडची आदिवासी आणि एक गोव्याची. म्हणजे आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या गावात चौघीही परक्या, आणि चौघी एकमेकींना पण परक्याच की, एकीला भातावर नारळाचं तेल पाहिजे आणि दुसरीला ते वासानं चालत नाही. स्वयंपाक आळीपाळीनं स्वतः करतात. पहाटे साडेचारला उठतात, प्रार्थना, मग परसातल्या भाजीला पाणी, आठला दवाखाना उघडतो. पगार कुणालाच नाही. गरिबी, ब्रह्मचर्य आणि वरिष्ठांची आज्ञा पाळणं अशी तीन व्रतं असतात त्यांची, जे काय येईल ते सगळं एका पेटीत आणि चप्पल तुटली तर मोठ्या सिस्टरकडं मागायची. झारखंडच्या सिस्टरचे वडील वारले तेव्हा तिला कळून गाडी मिळून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, हे तिनं आत्याला सांगितलं, मला नाही. ती तिशीची असेल. आमची आत्या तिला "बाय" म्हणते आणि ती आत्याला "आज्जी", आणि दोघींची काय भाषा चालते देव जाणे, थोडी मराठी, थोडी हिंदी, मधेच कन्नड. पण भांडण मराठीत करते हं ती, दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांना अशी झाडते की ऐकत राहावं. सोळा सतरा वर्षाच्या पोरीचं लग्न ठरवलंय कळलं तर घरी जाऊन बसते, उठतच नाही. ह्यावरून गावात दोनचार घरं तिच्यावर नाराज आहेत, मला त्यांनी स्वतः सांगितलं, लई शिकवते म्हणे. असेल. शिकवू दे.

रात्रीच्या बाळंतपणाच्या केसला जीप काढायची तर ड्रायव्हर गावात झोपलेला असतो म्हणून मंगळूरच्या सिस्टर स्वतः चालवायला शिकल्या. पन्नाशीत. घाटाचा नाही तरी रस्ता काय आहे ते जांबोटीला गेलेल्यांना माहीत आहे.

आमच्या सीमाभागातल्या माणसाला मिशन काही नवीन नाही. लंडन मिशनवाले बेळगावात 1820 ला आले, बेननस्मिथ शाळा त्यांचीच, पुढं 1904 ला ते सगळं मेथडिस्ट लोकांकडं गेलं. सेंट पॉल 1856 ची. पण ह्या शहरातल्या गोष्टी झाल्या. खेड्यातल्या माणसाला मिशन म्हटलं की मिरज आठवतं, आमच्या घरात अजून "मिशनात नेला होता" म्हणतात म्हणजे मिरजेला रेल्वेनं नेला होता. डॉक्टर वानलेस, जन्म कॅनडातला, अमेरिकेच्या मिशनकडनं 1889 ला भारतात आले, मिरजेचं हॉस्पिटल 1894 चं, आणि माणूस जवळजवळ चाळीस वर्षं हिकडंच राहिला. पोटाची ऑपरेशनं, डोळ्यांची ऑपरेशनं, बेळगाव विजापूर कोल्हापूर कुठनं कुठनं लोक जायचे. ते प्रोटेस्टंट आणि ह्या सिस्टर कॅथलिक, पण आमच्या लोकांना सगळं एकच मिशन, तो फरक मला पण ह्या सिस्टरांनीच समजावून सांगितला आणि अजून अर्धाच समजलाय.

हे मिरजेचं एवढं का सांगितलं तर माझी तक्रार तीच आहे. चाळीस वर्षं. आणि हिकडं काय होतंय, तीन वर्षं, चार वर्षं, लई तर सहा, की बदली. ज्या नर्स सिस्टरनी आत्याचा पाय बरा केला त्यांना वरनं पत्र आलं आणि पंधरवड्यात त्या गेल्या, कुठं तर दुसऱ्या राज्यात. त्यांना कुठल्या वाड्यावर कोण पोटुशी आहे, कुणाचा नवरा गोव्यातनं आलाय, कुणाला पेनिसिलिन चालत नाही, कुठलं घर कागदावर सही करताना घाबरतं, सगळं तोंडपाठ होतं. तोंडपाठ म्हणजे तोंडपाठच, लिहिलेलं काही नाही. नवीन सिस्टर आल्या त्या बिचाऱ्या चांगल्या, शिकलेल्या पण जास्त असतील, पण त्यांना मराठी येत नाही आणि कन्नडही येत नाही, मधे ती गावातली पोरगी दुभाषी. आत्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, काटा कधी लागला इथनं, आणि साखरेच्या गोळीचा डोस बदलला तो का बदलला हे आम्हाला कळायला डॉक्टर यायची वाट बघावी लागली. शेजारची एक म्हातारी तर दवाखान्यात जायचीच बंद झाली, माझी सिस्टर गेली म्हणते.

मी मोठ्या सिस्टरना विचारलं असं का करता. त्यांचं म्हणणं, एका जागी मुळं धरली की सिस्टरला वाटायला लागतं दवाखाना माझा, गाव माझं, आणि मग लोक पण दवाखान्याचे न राहता त्या एका बाईचे होतात, व्रत घेतलंय ते ह्यासाठी नाही. ठीक आहे, त्यांच्या जागी ते बरोबर असेल, संन्याशानं एका गावात फार राहू नये असं आपल्याकडं पण म्हणतात. पण ताई, पेशंटनं व्रत घेतलेलं नाही ना. निदान जुनी सिस्टर आणि नवीन सिस्टर दोनतीन महिने एकत्र राहू देत, वाड्यांवर एकत्र फिरू देत, आणि प्रत्येक पेशंटची जाडी वही करा, आपल्या भाषेत. एक स्टार कापलाय तो ह्याच्यासाठी, दुसऱ्या कशासाठी नाही.

आता सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न, धर्म बदला म्हणतात का. मला माझ्यापुरतं सांगता येईल. बसायच्या जागेत भिंतीवर येशूचा फोटो आहे, खाली उदबत्ती लावलेली असते, सकाळी उघडताना दोन मिनिटं प्रार्थना म्हणतात, आपण बसलेलो असलो तर बसायचं. आत्याच्या गळ्यात माळ आहे, ती दर एकादशीला उपास धरते, आणि सिस्टर तिला उपासाला गोळी कधी घ्यायची ते लिहून देतात. आम्हाला कुणी काही म्हटलं नाही, पुस्तक दिलं नाही. ह्याच बेळगावच्या अधिवेशनात 2021 च्या डिसेंबरात धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं, 2022 ला कायदा झाला, पुढं 2023 ला नवीन सरकारनं तो काढून टाकायचं ठरवलं, त्या सगळ्या काळात हिकडं पण चौकशीला माणसं येऊन गेली असं गावात बोलतात, आणि तेव्हा म्हणे देवळाच्या कट्ट्यावरचेच लोक उभे राहिले की आमचा दवाखाना आहे. मी बघितलेलं नाही, ऐकलेलं आहे.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही आणि ती मी त्यांच्या तोंडावर बोलले. नाताळच्या आधी गोधड्या, स्वेटर, तांदूळ असं वाटप करतात, आणि घेणाऱ्या बाईला सामान हातात धरून उभी करून फोटो काढतात. मदत देणाऱ्यांना दाखवायला लागतं म्हणे. आत्यानं गोधडी घेतली नाही, माझ्याकडं आहे म्हणाली, नव्हती तिच्याकडं. केरळच्या सिस्टर म्हणाल्या पैशाचा हिशेब द्यावा लागतो, आणि 2020 ला परदेशी देणगीचा कायदा बदलल्यापासून तर जास्तच कडक झालंय, बाहेरचा पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत यायला पाहिजे, एका संस्थेनं घेऊन दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, ऑफिसखर्चाला वीस टक्क्याच्या वर लावायचा नाही. त्यामुळं लहान दवाखान्यांना मोठ्या संस्थेकडनं जे यायचं ते थांबलं, केस पेपर पण तेव्हाच वाढवला. हे सगळं खरं असेल, पण हिशेबाला तांदळाच्या पोत्याचा फोटो चालतो की, बाईच्या तोंडाचा कशाला. सिस्टर थोडा वेळ गप्प बसल्या आणि विचारून बघते म्हणाल्या. गेल्या वाटपाला हातांचे फोटो काढले, तोंडाचे नाहीत, असं आत्या सांगत होती. बघू किती टिकतंय, कारण ती सिस्टर पण आता बदलीच्या यादीत आहे म्हणे.

बाकी किरकोळ. बसायच्या जागेवर पत्रा आहे, जून जुलैत पाऊस एवढा वाजतो की नंबर पुकारलेला ऐकू येत नाही, दाराजवळ बसा. बाथरूम स्वच्छ, पाणी भरलेलं. चहा मिळत नाही, बाहेर एक टपरी आहे पण ती दुपारी बंद. फोन पे चालत नाही, नेटवर्कच नसतं, सुटे पैसे न्या. बायकांना बस फुकट आहे शक्ती योजनेत पण आधारवर कर्नाटकातला पत्ता पाहिजे, आमच्या भावजयीचं माहेर चंदगड, तिनं आधार बदललेलं नाही त्यामुळं तिला तिकीट काढावं लागतं आणि ती प्रत्येक वेळी कंडक्टरशी भांडते. सीमावासीयांचं नशीब असं प्रत्येक ठिकाणी, महाराष्ट्रानं 2023 ला सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य योजना दिली तर त्यावरून पण दोन्हीकडं भांडणच झालं. ह्या दवाखान्यात निदान कुठल्या राज्याचं कार्ड आहे ते विचारत नाहीत.

सकाळी आठ ते एक, मग तीन ते पाच. रविवारी बंद, इमर्जन्सी असेल तर मागच्या दाराची घंटा वाजवा, उघडतात. डॉक्टरांचे दिवस बदलत असतात म्हणून आधी गावातल्या कुणाला तरी विचारून घ्या. जुने कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या सगळं बरोबर घेऊन जा, आणि आत्तापर्यंत काय काय झालं ते मराठीतच का असेना एका कागदावर लिहून न्या, सिस्टर नवीन असण्याची शक्यता जास्त. जुने कपडे द्यायचे असतील तर देऊ नका, खोली भरलीय त्यांची. रबरी चपला द्या, मोठ्या मापाच्या, त्या लागतात.